एकशेचाळीस नंबरचं तेल

कॉन्व्हॉय निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ट्रान्झिट कॅम्पमध्ये होतो. जागेचं नाव सांगत नाही. जुनी सवय आहे, आणि तुम्हाला त्याने काही फरकही पडणार नाही. एवढं समजा, की बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांना रॉकेल, डाळ-तांदूळ आणि औषधं पोचवायची होती, आणि हा सीझनचा मालाचा शेवटचा कॉन्व्हॉय होता. मी तेव्हा नायक होतो, वर्कशॉपचा व्हेइकल मेकॅनिक. रिकव्हरी गाडी घेऊन त्याच दुपारी खालून आलो होतो. वाटेत कुणाची गाडी बंद पडली तर ती ओढून बाजूला काढायची, हे माझं काम.

जेवणाच्या लायनीत मागून कोणीतरी माझी टोपी डोळ्यांवर ओढली. असला फाजीलपणा करणारा तिथे एकच माणूस होता. नायक सुधीर, ड्रायव्हर, राहणार काळाचौकी. आमच्या चाळीत त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि आमची बरोबर तिच्या खाली. त्याने वरून पाणी सांडायचं आणि माझ्या आईने खालून त्याचा उद्धार करायचा, असा आमचा शेजार. भरतीला दोघं एकत्र गेलो. मी वर्कशॉपला गेलो, तो गाडीवर. पुढे पोस्टिंगं वेगवेगळी झाली, पण कुठे ना कुठे गाठ पडायचीच.

"विज्या, गाडी बघायला चल," तो म्हणाला.

"एवढ्या थंडीत? काय बघायचंय त्या खटाऱ्यात?"

"बघू नकोस. ऐक नुसतं."

त्याची गाडी अडीच टनी आणि जुनी होती. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक फुगीर गोल डबा दिसतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याला हाउसिंग म्हणतात. त्यात क्राऊन आणि पिनियन असे दोन गिअर एकमेकांत फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतात. दात झिजले की ते कण्हायला लागतात. सुधीरची गाडी वर्षभर कण्हत होती. ड्रायव्हर लोक चिडवायचे, सुधीरची म्हैस आली म्हणून. त्याला ते फार लागायचं. त्या संध्याकाळी त्याने मैदानात एक चक्कर मारून दाखवली. गाडी एकदम गप्प.

"काय केलंस रे?"

"तेल बदललं."

वर्कशॉपची एक तुकडी त्यांच्या युनिटबरोबर असते. थंडीच्या तोंडावर मागच्या अ‍ॅक्सलचं (म्हणजे त्या गोल डब्यातलं) तेल बदलणं हे त्या तुकडीचं दर वर्षीचं काम. मला वाटलं, त्यांनी क्राऊन सेट केला असेल आणि थंडीचं तेल भरलं असेल. "बरं झालं, म्हैस गेली एकदाची," म्हणालो आणि जेवायला गेलो. बटाट्याची भाजी होती, तीही गार.

हे सगळं आज सांगतोय, कारण दत्तारामकाका या पावसाळ्यात गेले. दत्तारामकाका म्हणजे सुधीरचे वडील. या हकिकतीतली एक गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी इतकी वर्षं तोंड शिवून बसलो होतो. आणि गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नाही. चाळीत कोणालाही विचारा.

काका ट्रकचे मेकॅनिक. मूळचे मालवणकडचे, पण उभा जन्म लालबागच्या एका गल्लीत ट्रकखाली उताणे पडून गेला. आमच्या मंडळाचा ट्रक विसर्जनाला निघायचा तो काकांनी हात लावल्यावरच. लोकांना वाटतं ट्रक काय, ढोल-ताशाच्या मागे सरकत जातो, त्यात काय एवढं. अरे बाबांनो, एवढी मोठी मूर्ती, वर कार्यकर्ते, आणि लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत सगळं पहिल्या गिअरमध्ये! थांब, सरक, थांब, सरक. भाद्रपदातलं ऊन, खाली तापलेला रस्ता. सगळा भार त्या क्राऊनवर. तिथे पातळ तेल घातलंत तर ते तापून पाण्यासारखं होणार आणि दात एकमेकांना खाणार. म्हणून काका मागच्या अ‍ॅक्सलला एकशेचाळीस नंबरचंच घालायचे. जाड, मधासारखं. विसर्जनाच्या सकाळी नवा कॅन आणायचा, त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा आणि मग स्वतः खाली शिरून तेल भरायचं. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आमच्या भागात इतके ट्रक निघतात, पण कॅनला हळदीकुंकू लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी सुधीर गणपतीला रजेवर होता. मंडळाचा ट्रक त्यानेच चालवला. चौपाटीपर्यंत क्राऊनने हूं की चूं केलं नाही, हे तो मला कॅम्पमध्ये तीनदा सांगून झाला. मीही ऐकून घेतलं. घरचं बोलणारं माणूस तिथे दुसरं नव्हतं.

आता तेलाचं थोडं ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिव्हिलमध्ये सगळ्यांना वाटतं, जाड तेल म्हणजे चांगलं तेल. साफ चूक. जागा बघायची असते. मुंबईत जानेवारीत चार दिवस गारठा पडला तर बाटलीतलं खोबरेल गोठतं ना? मग डोक्याला लावायला बाटली उन्हात ठेवावी लागते. एकशेचाळीसचं उणे वीसमध्ये तसंच होतं. हाउसिंगमध्ये ते बसून राहतं. क्राऊन फिरतो, त्यात आपल्यापुरती चर पाडतो, पण बाजूचं तेल ती चर भरायला येतच नाही. पिनियनच्या बेअरिंगला थेंब मिळत नाही. बाहेर सगळं बर्फ आणि आत बेअरिंग कोरडं जळतंय. म्हणून वर आम्ही पातळ तेल भरतो. पातळ तेलात झिजलेला क्राऊन जास्त कण्हतो, हे खरं. कण्हू दे. कण्हणारी गाडी चालते तरी.

पहाटे गाड्या गरम केल्या आणि उजाडता उजाडता निघालो. पुढे कॉन्व्हॉय कमांडर सुभेदार साहेब, जालंधरकडचे, कमी बोलणारे. मग मालाच्या गाड्या. सुधीरची गाडी शेवटची आणि तिच्या मागे माझी रिकव्हरी. आमच्या मागून थोडं अंतर ठेवून दुसरा कॉन्व्हॉय येत होता. त्यात जवान होते, वर ड्यूटी बदलायला चाललेले.

खिंडीच्या अलीकडे एक पट्टा आहे. वरून बर्फ घसरतं म्हणून तिथे थांबायचं नाही असा बोर्ड आहे. बोर्ड नसता तरी कोणी थांबलं नसतं. चढ लागला आणि सुधीरच्या गाडीचा आवाज यायला लागला. नेहमीचं कण्हणं नव्हतं ते. किंचाळणं होतं. मी हॉर्न दिला. त्याने हात बाहेर काढून खूण केली, ऐकू येतंय म्हणून. आणि त्या पट्ट्याच्या मधोमध त्याची मागची चाकं जाम झाली.

मी उतरून पळालो. पळालो म्हणजे काय, त्या उंचीवर चार पावलांत जीव तोंडात येतो. गाडीखाली शिरून हातमोजा काढला आणि हाउसिंगला हात लावला. चटका बसला. आजूबाजूला दगडांवर बर्फ आणि ते लोखंड तव्यासारखं. पिनियनचं बेअरिंग गेलं होतं. पुढचा अ‍ॅक्सल जोडून, म्हणजे ताकद पुढच्या चाकांना देऊन, बघितला. पुढची चाकं नुसती फिरली, मागची जागची हलली नाहीत.

मी रेडिओ घेतला. ताफ्याच्या शेपटाला असल्याने रेडिओवर माझं नाव टेल. "टेल फॉर कमांडर. ओव्हर."

"कमांडर. बोलो."

"साहब, लास्ट गाड़ी का रिअर अ‍ॅक्सल जाम. स्लाइड एरिया के बीच में. ओव्हर."

मग साहेब म्हणाले, "पीछे पर्सनेल कॉन्व्हॉय है. उनको वहाँ रुकना नहीं है. पीछे की बे में खींचो. दस मिनट. नहीं हुआ तो गाड़ी छोड़ो, बंदे निकालो. ओव्हर."

"रॉजर."

हुकूम बरोबर होता. आजही मी तेच म्हणेन. मागे वळणाशी रस्ता थोडा रुंद होता, तीच बे. माझ्या विंचची, म्हणजे गाडी ओढायच्या रहाटाची, वायर त्याच्या गाडीला मागून लावायची आणि जाम चाकांसकट बर्फावरून घसरत तिथपर्यंत आणायची. फक्त कोणीतरी स्टीअरिंगवर बसायला हवं होतं. नाहीतर गाडीचं तोंड दरीकडे गेलं असतं. सुधीरचा को-ड्रायव्हर मणी, तमिळनाडूचा, नवा. त्याला मी माझ्या गाडीकडे पाठवलं.

सुधीर हाउसिंगकडे बघत उभा होता. मी वायर लावत होतो.

"उतर बाजूला. मी बसतो स्टीअरिंगवर," मी म्हणालो.

"गप रे. विंच कोण चालवणार, तुझा बाप? गाडी माझी आहे."

तो केबिनमध्ये चढला. दार लावता लावता थांबला आणि म्हणाला, "विज्या, आबांना यातलं काही बोलू नकोस हां."

आबा म्हणजे दत्तारामकाका. मला काही कळलं नाही. गाडी बंद पडली याची लाज वाटत असेल, असं वाटलं. "आधी ब्रेक सोड, शहाण्या," मी ओरडलो.

गाडी छान येत होती. हे मी मुद्दाम सांगतो. तो हात बाहेर काढून मला खुणा करत होता, ये, ये, ये, जसं मंडळाचा ट्रक मंडपातून काढताना करतात. अर्ध्याहून जास्त अंतर आलो होतो. मग वरून आवाज आला. तो आवाज मोठा नसतो. गोदामात कोणी गोण्या टाकाव्यात तसा. मी हॉर्न दाबून धरला. सुधीरने वर बघितलं. विंचची वायर ताणली आणि तुटली. समोर सगळं पांढरं झालं, आणि ते खाली बसलं तेव्हा रस्त्यावर गाडी नव्हती.

माझी गाडी जिथे होती तिथेच उभी होती. मणी शेजारी बसून रडत होता. मी रेडिओ घेतला आणि साहेबांना कळवलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. साहेब म्हणाले, "रॉजर." आणि मग, "तू ठीक है?" मागचा कॉन्व्हॉय त्यांनी पट्ट्याच्या अलीकडेच थांबवला. त्यातला एकही जवान त्या बर्फाखाली आला नाही.

दोन दिवसांनी हवामान उघडलं आणि आम्ही दरीत उतरलो. सुधीर केबिनमध्येच होता. त्याला काढला. पाठीचा कणा मोडला होता, चेहरा स्वच्छ होता. त्याला घेऊन लोक वर गेले. गाडीची तपासणी माझ्याकडे होती. गाडी उलटी पडलेली, त्यामुळे हाउसिंग वरच आलं होतं. प्लग उघडला. आत तेल नव्हतंच, काळपट चिक्की होती. बोटाने उकरून काढावी लागली. बोटांवर घासून बघितलं, वास घेतला. आमचं तेल नव्हतं ते. सीटखालची टूल बॉक्स उघडली. पान्यांच्या खाली कॅन होता, अर्ध्याहून अधिक रिकामा, मुंबईचं वर्तमानपत्र गुंडाळलेला. कागद काढला तर वर हळदीकुंकवाचं स्वस्तिक.

मी तिथेच बर्फात बसलो.

रजेवरून परतताना लोक लाडू-चिवडा आणतात. या गाढवाने विसर्जनाच्या ट्रकला भरून उरलेलं तेल आणलं होतं, आणि त्या कॅनला काका दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, म्हणजे बांधूनही त्यांनीच दिलं असणार. म्हशीचा आवाज बंद व्हावा म्हणून. वर्कशॉपने भरलेलं थंडीचं तेल काढून टाकलं आणि हे भरलं. मला सांगितलं नाही, कारण मी काय काय बोललो असतो ते त्याला पाठ होतं. आणि खालच्या कॅम्पच्या थंडीत गाडी खरंच गप्प झाली. आबांचं तेल, लालबाग ते चौपाटी दगा न देणारं. त्याने का नाही विश्वास ठेवायचा? रस्त्यावर हाउसिंगकडे बघत उभा होता तेव्हा त्याला सगळं समजलं होतं. म्हणून तो तसं बोलला.

चौकशीत मी जे होतं ते सांगितलं. तेलाचा ग्रेड चुकीचा, बेअरिंग जळलं. खोटं सांगितलं असतं तर उद्या दुसऱ्या गाडीत दुसरा कोणी हेच करून बसला असता. आमचे कॅप्टन साहेब म्हणाले, "तेल से अ‍ॅक्सल गया. बंदा स्लाइड से गया, और रोड खुला रखते हुए गया. घर पे यही जाएगा." घरी तेवढंच कळवलं गेलं.

पेटीबरोबर मीच आलो. काळाचौकीत तोबा गर्दी, दुकानं बंद, घोषणा. काका माझ्यापुढे उभे राहिले. रडत नव्हते. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"गाडयेक काय झाला होता रे?"

मेकॅनिकच तो. मी म्हणालो, "अ‍ॅक्सल गेला, काका. जुनी गाडी होती." त्यांनी मान हलवली.

नंतर मी रजेवर आलो की, आणि पुढे रिटायर होऊन कायमचा चाळीत आलो तेव्हाही, काका एखादा प्रश्न विचारायचे. एकदम नाही. वर्षाला एखादा. थंय बरफ किती पडता? डिझेल गोठता म्हणतत, खरा काय? इंजिन तापवूक आग लावतत? मी उत्तर द्यायचो आणि विषय बदलायचो. माणूस एकेक नट सोडवत आत चालला होता, आणि मी बाहेर उभा राहून ते बघत होतो. राग यायचा मला. त्यांचा नाही. सुधीरचा. स्वतः सुटला आणि मला या म्हाताऱ्यासमोर उभा करून गेला. रोज जिन्यात गाठ. रोज तोच चेहरा.

विसर्जनाचं तेल मात्र काका भरतच होते. एकशेचाळीसच. इथे तेच लागतं. एका वर्षी विसर्जनाच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर ट्रकखाली होतो. त्यांचे गुडघे गेले होते, हाताशी कोणीतरी लागायचं. बाहेर पोरं ताशा शेकत होती. काकांनी प्लग उघडला, कॅन तिरका केला आणि तेल आत जाताना बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"विजय, माका एक सांग. ह्या तेल थंय गोठता काय रे?"

घरात सगळे मला विज्या म्हणतात. काकांनी त्या दिवशी विजय म्हटलं.

त्यांना हवं होतं ते एका शब्दाचं उत्तर. हो म्हटलं असतं, तर स्वतःच्या हाताने, वर्तमानपत्रात गुंडाळून, लाडवांच्या डब्याशेजारी पोराच्या बॅगेत काय ठेवलं, ते त्या माणसाला कळलं असतं. आणि त्यानंतर तो आठ दिवसही जगला नसता.

"नाही, काका," मी म्हणालो. "गोठत नाही. चांगलं तेल आहे."

त्यांनी कॅन सरळ केला. प्लग लावला, पाना घेतला आणि हळूहळू आवळला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. ट्रकखाली आमची तोंडं हातभर अंतरावर होती.

"मगे तू कसलो मेकॅनिक रे?"

एवढंच बोलले. आवाजात राग नव्हता. पाना माझ्या हातात दिला, बनियनमध्ये खोचलेला फडका काढला आणि कॅनवरचं हळदीकुंकू पुसून टाकलं. दोनदा पुसलं, पिवळं जाईपर्यंत. बाहेर आले, नारळ फोडला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जा. सावकाश घे."

त्यानंतर काकांनी मला कधी काही विचारलं नाही. जिन्यात भेटले की चहा घेतलास काय, विचारायचे. आणि त्यानंतर एकाही वर्षी त्यांनी कॅनवर स्वस्तिक काढलं नाही. कार्यकर्ते विचारायचे, काका, हळदीकुंकू आणू? राहू दे, म्हणायचे.

या वर्षी तेल मी भरलं. मंडळाने सांगितलं म्हणून नाही, माझं मीच ठरवलं होतं. एकशेचाळीसच. पोरींनी हळदीकुंकवाचं ताट आणून ठेवलं होतं, पण कॅन कोराच राहू दिला. ट्रक निघताना चाळीच्या दाराशी इंजिन बंद करतात. तिथे सुधीरचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. ताशा थांबतो, अध्यक्ष हार घालतात, नाव घेतात. नायक सुधीर दत्ताराम. या वर्षी शेजारी काकांचा फोटो होता.

मग इंजिन चालू झालं. ट्रक हलला. मी सवयीने मागच्या चाकांपाशी वाकलो आणि कान दिला. क्राऊन गप्प होता. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, रडलो.